काजळ्या नावाचा मासा

आमच्या धंद्यात माणसाची हुशारी पंधरा फुटांवरून मोजतात. पंधरा फुटांवरून वाचता आलं तर ते अक्षर, नाही तर नुसती वेलबुट्टी. हिंगणघाटला सरकी-ढेपेच्या दुकानावरच्या मजल्यावर आमचा उपयोजित कलेचा वर्ग भरायचा, आणि उभी हयात मी तिथे पोरापोरींना हेच शिकवत राहिले. 'उपयोजित' हा शब्द गावात कोणाच्या जिभेवर बसला नाही. लोक त्याला पेंटरकीची शाळा म्हणत आणि मला पेंटरबाई.

उपयोजित कला म्हणजे काय हे मी माझ्या आईलासुद्धा शेवटपर्यंत समजावू शकले नाही, तरी इथे प्रयत्न करते. चित्रकार स्वतःच्या मनातलं काढतो. आम्ही दुसऱ्याच्या मनातलं काढतो, आणि बहुतेक वेळा त्या दुसऱ्यालाही ते ठाऊक नसतं. एकदा एका बँडपार्टीचा मालक पाटी रंगवून घ्यायला आला. म्हणाला, "बाई, पाटीवर सारा बँड दिसला पायजे, पण ढोलवाल्याचं तोंड नाई दिसलं पायजे." ढोलवाला त्याचा सख्खा भाऊ होता आणि दोघांचा अबोला चालला होता. मी ढोल असा भला मोठा काढला की त्याच्यामागे फक्त दोन चपला दिसाव्यात. मालक खूश झाला. आठ दिवसांनी तो भाऊ आला आणि म्हणाला, "बाई, साऱ्या बँडात माह्याच ढोल मोठा काढला तुमी, मस्त झालं." दोघेही खूश. याला आम्ही डिझाइन म्हणतो.

तेव्हा संगणक नव्हते. अक्षर हाताने काढायचं, चपट्या ब्रशने भरायचं, सरळ रेघ रुलिंग पेनने ओढायची आणि श्वास रोखून धरायचा. काम बिघडलं तर पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे आमच्या वर्गात सगळ्यांची बोटं रंगलेली आणि सगळ्यांचे स्वभाव थोडे तिरसट असत.

शेवटच्या वर्षाला एक मोठं काम असे. एकच विषय घ्यायचा, त्यावर नऊ तक्ते करायचे, नऊही एका घरातले वाटले पाहिजेत. विषय चिठ्ठ्या टाकून ठरत. चिठ्ठ्या मी लिहीत असे आणि बिस्किटाच्या डब्यात घालत असे. बचतीचं महत्त्व, छोटं कुटुंब, पाणी उकळून प्या, झाडे लावा. दरवर्षी तेच ते पाहून मला कंटाळा आला होता. सत्तरचं दशक संपत आलं होतं, त्या वर्षी माझ्या अंगात काय शिरलं कोण जाणे, मी एका चिठ्ठीवर लिहिलं, 'समुद्रातील प्राणी', आणि गुपचूप डब्यात टाकली. आमच्या वर्गात समुद्र कोणीच पाहिलेला नव्हता. मीही नाही. आमच्याकडे जास्तीत जास्त पाणी म्हणजे पूर आलेली वणा नदी.

ती चिठ्ठी निघाली यमुनेला.

यमुना अल्लीपूरची. रोज सकाळच्या गाडीने यायची, संध्याकाळच्या गाडीने परत जायची. घरी शेती. डावखुरी होती, म्हणून तिच्या टेबलावर शाईची बाटली नेहमी डाव्या बाजूला असे. बोलायची कमी, पण बोलली की समोरच्याला उत्तर सुचत नसे. तिने चिठ्ठी वाचली, उलटी करून मागे काही लिहिलंय का ते पाहिलं आणि मला विचारलं, "बाई, माशाले कान राह्यते का?"

"नसतात बहुतेक," मी म्हटलं.

"बहुतेक म्हणजे तुमालेबी मालूम नाई."

तिचे वडील प्रवेशाच्या वेळीच मला भेटून गेले होते. धोतर, टोपी, हातात काठी, आवाज अगदी मऊ. म्हणाले होते, "बाई, तुमाले सांगून ठेवतो. पोरगी पास झाली तं नोकरी करन, मी काई आडवा येत नाई. नापास झाली तं आमी पोरगा पाहून ठेवला हाये. दुसऱ्यांदा परीक्षा-गिरीक्षा काई नाई." ते धमकी देत नव्हते, मुक्कामाची जागा सांगावी तसं सांगत होते. त्यामुळे मला जास्त धास्ती वाटली. आणि त्यात मी तिच्या ताटात समुद्र वाढून ठेवला होता.

कामाला लागलो. एका शाळेच्या ग्रंथालयात जुना इंग्रजी ज्ञानकोश मिळाला, त्यातली चित्रं काळी-पांढरी. मग कोणीतरी सांगितलं की कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या खोलीत बरण्या आहेत. आम्ही दोघी गेलो. तिथे नत्थूजी नावाचे शिपाई होते, बरण्या पुसण्याचं काम त्यांच्याकडे. फडताळ उघडून त्यांनी एकेक बरणी खाली काढली. तारामासा, अष्टपाद, समुद्रघोडा, सगळे औषधी पाण्यात बुडालेले आणि सगळे पांढरेफटक.

यमुनेने विचारलं, "यायचा खरा रंग कोणता जी?"

"रंग नको इचारू पोरी," नत्थूजी म्हणाले. "बरणीत गेल्यावर सारेच गोरे होते."

तेव्हा रंग यमुनेने आपल्या मनाने दिले. अष्टपादाला पळसाच्या फुलाचा. ताऱ्याला अंबाडीच्या फुलाचा फिकट पिवळा, मधोमध लालसर ठिपका. जेलीफिश तिने उमललेल्या बोंडासारखी काढली, कापूस खाली लोंबत असलेली. पाणी मात्र सगळीकडे एकाच फिकट निळ्या रंगाचं ठेवलं, म्हणजे नऊ तक्ते भावंडं दिसतील. प्रत्येक तक्त्याच्या खाली वेगळ्या कागदाची पट्टी चिकटवायची, तिच्यावर प्राण्याचं नाव आणि दोन ओळी माहिती. तीन महिने ती पोर खपत होती. मला मनातून खात्री वाटू लागली होती की ही पहिल्या वर्गात पास होणार.

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास नऊही तक्ते टेबलावर मांडून आम्ही शेवटची नजर टाकत होतो. समुद्रघोड्याच्या कोपऱ्यात मला धुळीचा कण दिसला. तो फुंकायला मी वाकले आणि सवयीप्रमाणे उजवीकडे बाटली नाही असं पाहून निर्धास्तपणे डावा हात टेकला.

काळी शाई, पक्की, पाण्याने न जाणारी. सगळी बाटली समुद्रघोड्यावर. मी घाबरून तक्ता उचलला, त्यासरशी शाई एका बाजूला ओघळली. पुन्हा आडवा ठेवला तोवर घोडा बुडाला होता. नऊतला एक तक्ता करायला तिला सरासरी दहा दिवस लागले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला परीक्षा.

वीस वर्षं 'शाईची बाटली बूच लावून ठेवा' म्हणून पोरांच्या कानीकपाळी ओरडणारी बाई मी.

यमुना रडली नाही. कमरेवर हात ठेवून ती तक्त्याकडे पाहत राहिली, मग चार पावलं मागे गेली, मग भिंतीपर्यंत मागे गेली. पंधरा फूट.

"बाई," ती तिथूनच म्हणाली, "याले पोट हाये."

"कोणाला?"

"डागाले. अन् हे पाहा, इकडं शेपूट बी आली. डोळा देऊ का याले?"

मी काही म्हणायच्या आत तिने शाई फुंकून, टिपकागदाने टिपून घेतली आणि बारीक ब्रशने पांढऱ्या रंगाचा एक डोळा दिला. बस. डाग आमच्याकडे पाहायला लागला. मग कल्ल्याच्या तीन रेघा, पाठीवर एक झालर. सव्वापाचला तिथे एक काळाभोर, जाडजूड, जरा बावळट पण फार सभ्य चेहऱ्याचा मासा होता. खरं सांगते, बाकीच्या आठांत एवढा जीव नव्हता.

"आता नाव?" मी विचारलं.

"काजळ्या," ती म्हणाली. जणू त्याला लहानपणापासून ओळखत होती.

पट्टीवरच्या दोन ओळी मी सांगितल्या, ते पाप माझं. 'काजळ्या खोल समुद्रात राहतो. अतिशय लाजाळू असल्यामुळे तो सहसा कोणाच्या दृष्टीस पडत नाही.' दुसरं वाक्य तर शंभर टक्के खरं होतं, असं मी स्वतःला समजावलं. पट्टी चिकटवून यमुनेने धावत जाऊन साडेपाचची गाडी पकडली.

दुसऱ्या दिवशी मुंबईहून परीक्षक आले. उंच, पांढरे केस मागे वळवलेले. खिशातल्या रुमालाने खुर्ची पुसून बसले आणि लगेच उठले, कारण तक्ते भिंतीवर होते. वाईट माणूस नव्हता हो. नजर पक्की होती. कुठल्या अक्षराचा पाय घसरलाय ते दारातून सांगायचे. बचतीच्या तक्त्यांपाशी दोन मिनिटं, छोट्या कुटुंबापाशी एक मिनिट, असं करत ते समुद्रापाशी आले. सावकाश एकेक पाहत शेवटच्या तक्त्यापाशी थांबले.

"अरे वा!" ते म्हणाले. "काजळ्या! हा तुम्हाला इथे कुठे मिळाला?"

यमुनेने खाली मान घातली. "शाईत भेटला, सर."

मी तिच्या पायावर पाय दिला. पण परीक्षकांनी मान डोलावली. "बरोबर. तो शाईतच काढायला हवा, रंगात मजा नाही. आमच्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर येतो. काटे फार, पण तळला की विचारू नका."

यमुनेच्या खांद्यांना कंप सुटला होता. परीक्षकांना वाटलं पोरगी घाबरली. तिच्या पाठीवर थोपटून म्हणाले, "घाबरू नकोस. सगळ्या वर्गात लांबून वाचता येणारा हा एकच तक्ता आहे." आणि ते अगदी खरं होतं.

इथवर थांबलं असतं तर मी हे लिहायला बसले नसते. पण परीक्षेच्या कामांचं प्रदर्शन लागलं, त्याला शिक्षण खात्यातले एक साहेब आले आणि त्यांना ते नऊ तक्ते इतके आवडले की जिल्ह्यातल्या शाळांना वाटण्यासाठी पन्नास संच छापून द्या म्हणाले. मी म्हटलं, "साहेब, आठच छापू या का?"

"काऊन?" साहेब म्हणाले. "परीक्षकसाहेबांनी तं या काळ्याचीच तारीफ केली म्हणते."

निकाल लागायला महिना होता. आता तोंड उघडलं तर परीक्षक खोटे पडणार, आणि खोटा पडलेला परीक्षक पोरीला पास करील याची काय हमी? मला अल्लीपूरचा तो मऊ आवाज आठवला. मी म्हटलं, "बरं, नऊ."

छपाई आम्हीच वर्गात केली, स्क्रीनवर. म्हणजे लाकडी चौकटीला बारीक जाळीचं कापड ताणून बसवायचं, चित्राएवढी जागा मोकळी सोडून बाकीची जाळी बंद करायची आणि वरून रबराच्या पट्टीने रंग ओढायचा. एका रंगाला एक चौकट. अष्टपादाला चार चौकटी लागल्या, ताऱ्याला तीन. निळं पाणी सोडलं तर काजळ्याचं काम एका काळ्या रंगात झालं, डोळ्याची जागा तेवढी दोन्ही चौकटींत कोरी सोडायची. नऊंमध्ये सगळ्यात सोपा, सगळ्यात सुबक छापला गेला तो.

संच वाटले गेले. आमच्या शेजारच्या समुद्रपूर नावाच्या गावात समुद्र पहिल्यांदा मी पोचवला, असं मी तेव्हा ज्याला त्याला सांगत असे. निकाल लागला, यमुना पहिल्या वर्गात पास झाली. तिचे वडील काठी टेकत जिना चढून आले आणि म्हणाले, "बाई, शब्द म्हणजे शब्द. पोराकडच्यायले नाई सांगून आलो." पुढच्या महिन्यापासून यमुना आमच्याच वर्गात अक्षरलेखन शिकवायला लागली. सगळं गोड झालं, असं वाटलं.

मग एक पोस्टकार्ड आलं. गिरडजवळच्या एका लहानशा गावातल्या शाळेच्या देवराव गुरुजींचं. मोत्यासारखं अक्षर. 'तक्ते अत्यंत उपयुक्त आहेत. विद्यार्थी विचारतात, काजळ्या काय खातो? कृपया कळवावे.'

आता सांगायला लाज वाटते, पण आम्हाला त्या कार्डाने इतकं हसू आलं की खाली सरकीवाल्याने वर हाक मारून विचारलं, काय झालं म्हणून. यमुनेने ताबडतोब उत्तर सांगितलं, मी ते लिहिलं. 'शेवाळ व लहान मासे.' महिन्याने दुसरं कार्ड. 'लांबी किती?' आम्ही कळवलं, 'सुमारे एक हात.' तिसरं आलं. 'अंडी घालतो की पिल्ले?' त्यावर आमचे दोन दिवस वाद झाले. दुपारच्या चहाला आम्ही दोघी काजळ्याचा संसार वाढवत बसायचो. इतका आज्ञाधारक मासा जगात दुसरा नसेल, जे सांगू ते करायचा.

वर्ष-दीड वर्ष असं गेलं. एका सोमवारी, बाजाराच्या दिवशी, जिन्यावर पावलं वाजली आणि देवराव गुरुजी स्वतः दारात उभे राहिले. बुटके, गोल चष्मा, खादीचा सदरा, काखेत पिशवी. आम्ही त्यांना पहिल्यांदाच पाहत होतो. त्यांनी आम्हाला नमस्कार असा घातला की आम्ही दोघी उभ्या राहिलो.

"तुमाले भेटाचंच होतं," ते म्हणाले. "शाळेत पुस्तकं कमी, पण तुमच्या तक्त्यायनं माह्या पोरायले समुद्र पाठ झाला. मांगच्या हप्त्यात चौथीची परीक्षा घेतली, पाहा तुमी." पिशवीतून त्यांनी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा काढला. चौथा प्रश्न होता, 'काजळ्या कोणाला का दिसत नाही?' पाच गुण. पान उलटावं तसं प्रत्येक पेपरात तेच, 'कारण तो अतिशय लाजाळू आहे.' पाचापैकी पाच, पाचापैकी पाच.

"एकच पोरगी हाये, बेबी म्हून," गुरुजी म्हणाले. "हुशार हाये, पण लई आगाऊ. पाहा काय लिहिलं तिनं."

तो पेपर त्यांनी माझ्यापुढे ठेवला. पेन्सिलीने, मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'तो नाहीच म्हणून.' शेजारी लाल शाईने शून्य.

"म्या तिले सांगतलं, लिहून आणजो शंभर वेळा, काजळ्या लाजाळू आहे. तं म्हणते कशी, गुरुजी, तुमी म्हणता तं लिहितो, पण तो नाईच." गुरुजी हसले. "मंग दिवसभर उभं केलं. शिस्त पायजे ना."

मी यमुनेकडे पाहिलं. तिच्या तोंडावरचं हसू उतरलं होतं. गुरुजींनी चहा घेतला, आमचे पुन्हा आभार मानले आणि गेले. सगळ्या वर्गात एका पोरीने खरं उत्तर लिहिलं होतं, आणि तिला शून्य मिळालं होतं, आणि उभं राहावं लागलं होतं. ते शून्य काढलं होतं गुरुजींनी, पण शाई माझी होती.

"बाई," यमुना म्हणाली, "उद्याची गिरडची गाडी धरू."

"गुरुजींना काय वाटेल?"

"वाईट वाटन. ते आपल्याले ऐकून घ्याच लागन."

दुसऱ्या दिवशी एसटीने गिरड, तिथून दीड-दोन कोस पायी. शाळा म्हणजे एक खोली आणि एक ओसरी. भिंतीवर नऊ तक्ते ओळीने, खालून दोरीत ओवलेले, एकाही कोपऱ्याला घडी नाही. आमच्या वर्गातसुद्धा कोणी इतकं जपलं नसतं. आम्हाला पाहून गुरुजींनी मुलांना उभं केलं आणि म्हणाले, "ज्यायनं हे काढले ना, त्या बाई ह्या."

मला वाटलं होतं की त्यांना आधी बाजूला घेऊन सांगावं. पण यमुना सरळ काजळ्यापाशी जाऊन उभी राहिली. "पोरायहो," ती म्हणाली, "हा मासा खोटा हाये. माह्या तक्त्यावर शाई सांडली, त्या डागाले म्या डोळा देला. बेबी कोण हाये?"

मधल्या ओळीतली एक काळीसावळी, दोन वेण्यांची पोर हळूच अर्धवट उठली, पुन्हा उभं करतात की काय अशा बेताने.

"शाई यांनी नाही, मी सांडली," मी गुरुजींना म्हटलं. "खालच्या दोन ओळी माझ्या. तुमच्या पत्रांची उत्तरंही माझी. शेवाळ, एक हात, सगळं."

गुरुजींनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. अगदी हळू म्हणाले, "मंग दीड वर्ष म्या या लेकरायले काय शिकवलं, बाई?"

ते टेबलाकडे गेले, गठ्ठ्यातून तो एक पेपर काढला, शून्यावर काट मारली आणि पाच गुण दिले. मग थोडं थांबून बाकीच्या पोरांचे पाच गुण तसेच राहू दिले. "त्यायचा काई गुन्हा नाई," म्हणाले. "म्या शिकवलं तेच लिहिलं त्यायनं." मग पेपर घेऊन स्वतः बेबीपाशी गेले. "बेबी, तुह्यं बरोबर होतं. म्या तुले उगाच उभं केलं."

मला राहवलं नाही. मी विचारलं, "बेबी, तुला कसं गं कळलं?"

ती माझ्याकडे अशी पाहायला लागली जसं मी अगदीच ढ आहे. "तुमीच लिहिलं ना खाली, कोणाले दिसत नाई. मंग चित्र कोण पाहून काढलं?"

यमुना फस्सकन हसली, गुरुजीही हसले, पोरं तर हसायलाच टपली होती. मला वाटलं, सुटलो. तोच बेबी पुन्हा उठली, या वेळी पूर्ण. "अन् मंग बाकीचे आठ खरे कशावरून?"

मी म्हटलं, "दोन आम्ही बरणीत पाहिलेत."

"अन् सहा?"

"पुस्तकात."

"ते पुस्तक काढणाऱ्याची शाई नसन सांडली कशावरून?"

गुरुजी आता मजा पाहत होते. दीड वर्षाचा हिशेब चुकता करायची त्यांची ती वेळ होती. "बाई," ते म्हणाले, "या पोरीले उत्तर द्या लागन. म्या काई देऊ शकत नाई. म्या बी समुद्र पाह्यला नाई."

म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मी आणि यमुना मुंबईला गेलो. लोक हवा पालटायला जातात, देवदर्शनाला जातात, आम्ही आठ प्राण्यांची हजेरी घ्यायला गेलो. पिशवीत आठही तक्त्यांच्या लहान नकला. समुद्र पहिल्यांदा दिसला तेव्हा मी हात जोडावे की काय या विचारात होते. यमुनेने बारीक डोळे करून पाहिलं आणि म्हणाली, "बाई, हा तं गढूळ हाये. आपण निळा काऊन देला?"

मत्स्यालयात दोन दिवस गेलो. काचेपुढे नकला धरून एकेक पाहिलं. पहारेकऱ्याला वाटलं आम्ही कोणा माशाचा फोटो घेऊन त्याला शोधत आलोय. अष्टपाद आम्ही पाहत असताना लालबुंद झाला, अगदी पळसासारखा, तेव्हा यमुनेने माझं मनगट एवढं दाबलं की वळ उठला. फक्त कासव चुकलं होतं. आम्ही त्याला विहिरीतल्या कासवाचे पाय दिले होते, नखं असलेले. समुद्रातल्या कासवाला पायांच्या जागी वल्ही असतात. पन्नास शाळांच्या भिंतींवर ते चुकीच्या पायांचं कासव लटकत होतं आणि एकाही गुरुजीने त्याबद्दल कार्ड लिहिलं नव्हतं. काजळ्यापेक्षा ही चूक मला अजून जास्त टोचते, कारण ती करताना आम्ही हसत नव्हतो.

शेवटच्या दिवशी मासळीबाजारात गेलो. यमुनेला काय लहर आली, तिने एका कोळणीला विचारलं, "मावशी, काजळ्या हाये का?"

कोळणीने मानही वर केली नाही. "काजल्या सकालीच संपला. उद्या लवकर ये."

मुक्काम एक दिवस वाढवून सकाळी लवकर जाऊन पाहावं असं एकदा मनात आलं होतं. गेलो नाही. मिळाला असता तर?

परत आल्यावर मी बाकीच्या सगळ्या शाळांना काजळ्याबद्दल आणि कासवाच्या पायांबद्दल कार्ड पाठवलं. दोघांची उत्तरं आली. एकाने लिहिलं, तक्ता फाटला आहे. दुसऱ्याने लिहिलं, आमच्याकडे कासव मिळालेच नव्हते. देवराव गुरुजींच्या शाळेला मात्र वेगळं कार्ड लिहिलं, बेबीच्या नावावर. 'आठांपैकी सात प्राणी आम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. ते खरे आहेत. कासवाचे पाय चुकले, ते मी येऊन दुरुस्त करून देईन. देवमासा मात्र कुठेच दिसला नाही. तो असतो असे सगळे म्हणतात, पण आम्ही पाहिलेला नाही, म्हणून त्याच्याबद्दल खात्री देता येत नाही.'

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. पेन्सिलीने लिहिलेलं, अक्षर मोठं, ओळी खाली उतरत गेलेल्या. गुरुजींनी त्यात एकही दुरुस्ती केलेली नव्हती.

'बाई, कार्ड भेटलं. काजळ्या तिथंच हाये. तो खोटा हाये हे आमाले मालूम हाये म्हून त्याचा तरास नाई. देवमाशाले आमी भिताडाकडं तोंड करून ठेवलं हाये. कोणी पाहून आलं की सांगजा, मंग सुलटा करू.'